थोरली, धाकटी आणि दोर

पत्र येऊन अकरा महिने झाले होते, आणि त्र्यंबक घैसासांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र हरवलं नव्हतं. ते रोज त्यांच्या हाताखालून जात होतं. धाकटीवरच्या गिरणीतला राखाडी, खरखरीत कागद. त्याची चौघडी करून त्यांनी तो कोष्टकांच्या एका जाड पुस्तकात खुणेसाठी ठेवला होता. पुस्तक उघडलं की पत्र दिसे, आणि पत्र दिसलं की घैसास ते पुस्तक मिटून उगाच दुसरं कुठलंतरी उघडत. पहिल्या महिन्यात त्यांनी उत्तराचे चार मसुदे केले आणि चारही फाडले. दुसऱ्या महिन्यात सरकारी परिपत्रक आलं की कराराविषयी कोणीही खाजगी पत्रव्यवहार करू नये. ते वाचून त्यांना सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याची लाजही वाटली. पुढे उशीर हेच उत्तर न देण्याचं कारण होऊन बसलं. इतक्या दिवसांनी काय लिहायचं, कुठल्या तोंडाने लिहायचं?

पत्र यमुना तांडेलचं होतं. तीस वर्षांपूर्वी ती त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि फळ्यावरची चूक त्यांच्या आधी पाहत असे. आता ती धाकटीची मुख्य यंत्रज्ञ होती.

धाकटी आणि थोरली ही एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या दोन वस्त्यांची नावं. अवकाशात वजन नसतं, आणि वजनाशिवाय माणसाची हाडं विरघळत जातात. म्हणून पहिल्या वसाहतकऱ्यांनी ही गोफणवस्ती उभारली. चार किलोमीटर लांबीचा दोर, त्याच्या दोन टोकांना दोन वस्त्या, आणि दोन्ही एकमेकींभोवती गरगर फिरताहेत. एकशेदहा सेकंदांत एक फेरी. फिरताना बाहेर फेकलं जाण्याची जी ओढ लागते, तेच इथल्या माणसांचं वजन.

थोरलीचं वस्तुमान धाकटीच्या तिप्पट. जत्रेत मोठा माणूस आणि लहान पोर हात धरून फुगडी घालू लागले, तर मोठा जागच्या जागी वळतो आणि पोर लांबून भिरभिरतं, तसंच इथे होतं. थोरली फिरण्याच्या मध्यापासून एकच किलोमीटरवर, धाकटी तीनवर. त्यामुळे धाकटीवर माणसाला पृथ्वीवरचं पुरं वजन आणि थोरलीवर त्याचा तिसरा हिस्सा. भट्ट्या, गिरण्या, ओतशाळा धाकटीवर, कारण वितळलेल्या धातूतला मळ वेगळा व्हायला वजन लागतं. कचेऱ्या, ग्रंथालयं, बागा थोरलीवर. थोरलीची माणसं उंच आणि सडपातळ. जिना चढताना त्यांना कधी दम लागत नसे. धाकटीची माणसं बुटकी, रुंद खांद्यांची, आणि चाळिशीतच गुडघे धरून उठणारी.

दोराला थोरलीचे पुढारी 'नाळ' म्हणत. धाकटीचे लोक त्याला 'दावं' म्हणत. घैसास आयुष्यभर त्याला नुसता दोर म्हणत आले होते, आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना एकच गोष्ट सांगत: "कोण कोणाला धरून आहे हे दोराला विचाराल, तर तो सांगेल, दोन्ही टोकांना ताण सारखाच." मुलं ते वहीत उतरून घेत. त्यातली काही पुढे सरकारात गेली आणि विसरली.

आता धाकटी स्वतंत्र होणार होती. पंधरा वर्षांची चळवळ, तीन संप, भट्ट्या विझवून काढलेले ते भयंकर गारठ्याचे महिने, आणि अखेर करार. येत्या शुक्रवारी सकाळी समारंभात दोर सोडायचा होता.

यमुनाचं पत्र लहान होतं.

"सर, सप्रेम नमस्कार. करारात दोर सोडण्याचा क्षण ठरला आहे : फेरीच्या तबकडीवरचा काटा शून्यावर असताना. मी गणित केलं. शून्यावर सुटलो तर आम्ही हिमखड्याच्या बरोबर उलट दिशेला फेकले जाऊ. हे मी सभेत सांगितलं तर भाई हिंदळेकर म्हणाले, तांडेलबाई घाबरल्या. तुमचं 'गतीचे धडे' इथे घराघरात आहे. तुम्ही एकच ओळ लिहा : यमुनाचं गणित बरोबर आहे. लोक ऐकतील. आणि चूक असेल तर तसं लिहा, मी गप्प बसेन. तुमची, यमुना."

गणित बरोबर होतं. घैसासांनी ते तीनदा करून पाहिलं होतं. कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय ते सही करत नसत. साध्या पावतीवरसुद्धा नाही. त्यांच्या या सवयीची थोरलीभर चेष्टा होई.

बुधवारी दुपारी डॉ. शलाका पोतनीस त्यांच्या खोलीवर आली. हीही त्यांचीच विद्यार्थिनी, यमुनाच्या पंधरा वर्षं मागची, आणि आता थोरली सरकारची गतिशास्त्र सल्लागार. तिच्या हातात एक कागद होता.

"सर, फक्त सही हवी आहे. क्षणाची पडताळणी. काटा शून्यावर, सुटण्याचा वेग इतका, दिशा इतकी."

घैसासांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"दिशा कोणासाठी लिहिली आहेस?"

"दोघांसाठी आहे, सर. खाली बघा."

"खाली बारीक अक्षरांत आहे."

शलाकाने पेन पुढे केलं.

"मला नीट समजावून सांग," घैसास म्हणाले. "मी म्हातारा झालो, माझी चूक होत असेल. दोर सुटला की काय होतं?"

"सर, तुम्हीच शिकवलंय."

"तू सांग."

शलाकाने सुस्कारा सोडला आणि ती परीक्षेला बसल्यासारखी बोलू लागली. "दोर सुटला की वर्तुळ संपतं. ज्या क्षणी जिथे तोंड असेल तिथे दोघी सरळ रेषेत निघतात. एक जिकडे, दुसरी तिच्या बरोबर उलट. थोरली सेकंदाला सत्तावन्न मीटर, धाकटी एकशेएकाहत्तर."

"म्हणजे तिप्पट."

"तिप्पट. वस्तुमान तिसरा हिस्सा, म्हणून वेग तिप्पट. शून्यावर सुटलं तर थोरलीचं तोंड हिमखड्याकडे असतं. साठ-एकसष्ट दिवसांत आपण तिथे."

हिमखडा म्हणजे तीन लाख किलोमीटरवरचा बर्फाचा डोंगर. दोन्ही वस्त्यांचं पाणी तिथून येई, आणि पाण्यापासूनच इंधन. शिवाय तो इतका जड होता की ज्याचा दोर त्याला आधी बांधला जाईल, त्याला हिमखडाच गोफणीचं दुसरं टोक म्हणून मिळणार होता. मग पुन्हा फिरणं, पुन्हा वजन. तबकडीचं शून्यसुद्धा मुळात हिमखड्यावरूनच आखलेलं होतं : पाणी आणायला जाणाऱ्या ओढनौका थोरलीवरून त्याच ठोक्याला सोडत, म्हणजे थोरलीचा वेग त्यांना फुकट मिळे. ओढनौका सगळ्या थोरलीच्या. धाकटीवर हे शून्य कशाचं हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"आणि धाकटी?" घैसासांनी विचारलं.

"उलट दिशेला. दिवसाला पंधरा हजार किलोमीटर."

"त्यांच्याकडे इंधन किती?"

"आपल्याइतकंच, वजनाच्या प्रमाणात. एकशेएकाहत्तरचा वेग एकदा मारण्यापुरतं."

"म्हणजे एकदा थांबतील. मग?"

"मग तिथेच." तिने खिडकीकडे पाहिलं. "अकरा महिन्यांचं पाणी आहे त्यांच्याकडे. करारात चौदावं कलम आहे, सर. ओढनौका पाणी नेतील. उपलब्धतेनुसार."

"आणि काटा पंचावन्नावर असताना सोडला तर? अर्धी फेरी पुढे?"

शलाकाने दाराकडे पाहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तर धाकटी वीस-एकवीस दिवसांत हिमखड्याशी पोचेल आणि तेच इंधन तिथे थांबायला वापरेल. आपण उलट जाऊ, पण सत्तावन्ननेच. सत्तावन्न थांबायला, सत्तावन्न परतायला, सत्तावन्न तिथे पोचून थांबायला. बेरीज एकशेएकाहत्तर. अगदी पुरतं."

"म्हणजे आपल्याला चुकलं तरी परत येता येतं. त्यांना येत नाही."

"आपण दुसरे पोचू, सर. बर्फ त्यांचा झालेला असेल."

"पण दोन्हीकडच्या मिळून सोळा हजारांतला कोणी तहानेने मरणार नाही."

"सचिव राजाध्यक्षसाहेबांना मी हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, पोतनीस, तुम्हाला हवामान खात्यात जागा बघू का? सर, इथे हवामानच नाही!" ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "सही करताय?"

घैसासांनी सही केली. आकडे खरे होते; सही आकड्यांवर होती. ती गेल्यावर त्यांनी हात साबणाने धुतले, आणि मग आपण हात का धुतो आहोत हे लक्षात येऊन ते बेसिनपाशी तसेच उभे राहिले.

दोर सोडायचं काम त्यांच्याचकडे आलं होतं. दोन्ही सरकारांचा एकमेकांच्या यंत्रांवर विश्वास नव्हता. आपोआप सुटणारी कुठलीच यंत्रणा कोणी मान्य करेना, म्हणून ठरलं की माणसाने हाताने अडसर ओढावा, आणि माणूस दोघांना पसंत असावा. तीन महिन्यांच्या भांडणात दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच नावावर. धाकटीने घैसासांना मान्य केलं, कारण घराघरात त्यांचं पुस्तक होतं. थोरलीने का मान्य केलं, ते त्यांनी गुरुवारी सचिव राजाध्यक्षांच्या तोंडून ऐकलं.

गुरुवारी दुपारी मेजवानी होती. केवड्याच्या अत्तराचा उग्र दर्प, पाहुण्यांच्या गळ्यात कागदी हार, आणि भिंतीवर एक भलंमोठं चित्र : आईच्या कडेवरून उतरणारं मूल. आई अर्थात थोरली. आईच्या डोळ्यांत पाणी काढलं होतं. घैसास एका खांबाआड ताटली धरून उभे होते. राजाध्यक्ष खांबाच्या पलीकडे कोणालातरी सांगत होते, "घैसास? छे हो. भिडस्त माणूस. आयुष्यात कोणाला नाही म्हणाला नाही, आणि हो म्हणायलाही तीन दिवस घेतो. आपलाच आहे."

ताटलीतला पेढा घैसासांनी हळूच कुंडीत टाकला.

तेवढ्यात भाई हिंदळेकरांनी त्यांना गाठलं. भाई हे धाकटीच्या चळवळीचे पुढारी, उद्यापासूनचे राष्ट्रप्रमुख. गोल, ओलसर चेहरा, आवाज सभेचा. थोरलीच्या हलक्या वजनात त्यांना फार बरं वाटत असावं. ते पावलागणिक उडी मारल्यासारखे चालत.

"मास्तर! तुमचं पुस्तक मीपण वाचलंय हं. म्हणजे पहिली पंचवीस पानं." ते स्वतःच मोठ्याने हसले. त्यांनी घैसासांचा हात दोन्ही हातांत धरला. हात तुपकट होते.

घैसासांनी खूप धीर गोळा केला. "भाई, अजून एक दिवस आहे. काटा शून्याऐवजी पंचावन्नावर मागून घ्या. अर्ध्या फेरीचा तर प्रश्न आहे."

"अहो, काय बोलताय! शून्यातून राष्ट्र! सहा महिने पोरं घसे फोडताहेत. भिंती रंगवल्यात. आता काय म्हणू, पंचावन्नातून राष्ट्र?"

"पण पाण्याचं काय?"

"चौदावं कलम."

"त्यात उपलब्धतेनुसार असं लिहिलंय."

"मग? ती उपलब्धता बघायला मी इथे आहे ना." भाईंनी आवाज उतरवला. "मी थोरलीवरच राहणार. राष्ट्रप्रमुख आणि राजदूत, दोन्ही. बायकोमुलं कालच आली. कोणीतरी इथे राहून बोलणी करायला हवीत. त्याग आहे तो, मास्तर. मातृभूमीपासून दूर राहायचं म्हणजे."

घैसास त्यांच्याकडे बघतच राहिले. भाईंच्या ओठाच्या कोपऱ्याला रबडी लागली होती. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले.

"लोकांना स्वातंत्र्य हवंय, सेकंद नकोत. आणि खरं सांगू? आमच्यावर तुमचे उपकार आहेत. तांडेलबाईने तुम्हाला पत्र घातलं, हे सगळ्या धाकटीला ठाऊक होतं. लोक चार महिने वाट बघत होते तुमच्या उत्तराची. रोज टपालाची गाडी दोरावरून खाली आली की ओतशाळेतली माणसं कामं टाकून बाहेर यायची. उत्तर आलं नाही. मग मीच सभेत उभा राहिलो. म्हटलं, बघा, घैसास सरांनी उत्तर द्यायच्यासुद्धा लायकीचं नाही समजलं. झालं! पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडली बाई." त्यांनी घैसासांच्या खांद्यावर थाप मारली. "गप्प बसणारा माणूस फार मोठा असतो, मास्तर."

घैसास तोंड धुवायच्या खोलीत गेले आणि त्यांना उलटी झाली. आत गेलेलं काही नव्हतंच; नुसतं कडू पाणी पडलं. आरशात त्यांना एक उंच, वाकलेला, स्वच्छ कपड्यांचा म्हातारा दिसला. या माणसाने कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. त्याने काहीच केलं नव्हतं. भाईंची किळस येत होती, राजाध्यक्षांची येत होती, पण आरशातल्या माणसाची सगळ्यांत जास्त. धाकटीची चार हजार माणसं अकरा महिन्यांपूर्वी एका ओळीसाठी कामं टाकून दारात उभी राहिली होती, आणि तो पुस्तकं मिटत आणि उघडत बसला होता.

घरी आल्यावर त्यांनी पत्र पुस्तकातून काढलं, उलगडून समोर ठेवलं, आणि उत्तर लिहिलं. आठ ओळी. एकदाही खाडाखोड झाली नाही. तीनदा वाचायला म्हणून कागद उचलला, पण एकदाच वाचून पाकिटात घातला.

शुक्रवारी सकाळी अडसरदालनात साठ-सत्तर माणसं जमली. ही थोरलीची दोराकडची शेवटची खोली. समोर जाड काचेची भिंत, काचेपलीकडे माणसाच्या कमरेएवढ्या जाडीचा दोर, ताणलेला, सरळ वर धाकटीकडे गेलेला. दोराचा डोळा, म्हणजे टोकाशी विणलेला फास, एका पोलादी अडसरात अडकवला होता. अडसराचा दांडा खोलीच्या आत, लाल कापडाखाली. वर भिंतीवर फेरीची तबकडी, दहा हात रुंद, तिचा काटा एकशेदहा सेकंदांत गोल फिरणारा. पाहुण्यांच्या खुर्च्यांना पट्टे लावले होते, कारण दोर सुटला की वजनही जवळजवळ जाणार होतं.

दाराशी टपालाची एक लाल पेटी होती. दोराबरोबर धाकटीकडे जाणारं हे अखेरचं टपाल. प्रत्येक मान्यवराने त्यात शुभेच्छापत्र टाकायचं आणि छायाचित्रासाठी थांबायचं. राजाध्यक्षांनी सोनेरी कडांचं पाकीट टाकलं आणि ते दोनदा थांबले. घैसासांनी आपलं साधं पाकीट टाकलं. कोणी छायाचित्र काढलं नाही. मग पेटी झडपेतून बाहेर सरकवून वीस मीटर पलीकडे दोरावर अडकवण्यात आली.

दोर धाकटीला भेट दिला जात होता. तसं भाषणात तीनदा सांगण्यात आलं. तो धाकटीच्याच कारखान्यात विणला गेला होता, आणि थोरलीच्या कोठारात त्याहून चांगला नवा दोर तयार होता, तोही तिथेच विणलेला, हे भाषणात नव्हतं. नाळ, माया, आईचं काळीज असे शब्द येत राहिले. केवड्याचा वास दाटत गेला. पेढ्यांचं तबक फिरत होतं. भाई डोळे पुसत होते आणि पुसता पुसता छायाचित्रकार कुठे आहे ते बघत होते.

घैसासांनी दांड्यावरचं कापड काढलं. किल्ली त्यांच्या गळ्यात होती. करारानुसार दांड्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नव्हता. त्यांनी किल्ली फिरवली. दांडा मोकळा झाला.

भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून आवाज आला, "धाकटी तयार. रहाट मोकळा. दोर गुंडाळून घ्यायला आम्ही तयार आहोत." यमुनाचा आवाज. बारा वर्षांनी ऐकला. आवाज सपाट होता, कामाचा. शेवटपर्यंत नेमून दिलेलं काम नीट करणाऱ्या माणसाचा आवाज.

धाकटीचं राष्ट्रगीत सुरू झालं. ते अशा बेताने बसवलं होतं की शेवटचा सूर आणि काट्याचं शून्य एकाच क्षणी यावं. शंभर. एकशेपाच. सूर लांबला. सगळे श्वास धरून बसले. शून्य.

घैसास चष्मा पुसत होते.

"घैसाससाहेब," राजाध्यक्ष कुजबुजले.

"हो, हो," घैसास म्हणाले. "काच धुरकट झाली होती. काटा नीट दिसेना."

काटा पाचावर गेला, दहावर गेला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. "तीनदा पुसल्याशिवाय ओढणार नाहीत," दुसरं कोणी म्हणालं, आणि हसू रांगारांगांतून फिरलं. भाई अर्धवट उठले, "अहो मास्तर, ओढा की!"

"नको!" राजाध्यक्ष दबक्या आवाजात ओरडले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आता नको! पोतनीस, आता ओढलं तर?"

काटा पंचविसाच्या पुढे होता. शलाकाने तबकडीकडे पाहिलं, मग घैसासांच्या हाताकडे. हात दांड्यावर होता. बोटं त्याच्याभोवती घट्ट मिटलेली होती.

"आता ओढलं तर दोघी आडव्या जातील, साहेब," ती मग स्वच्छ आवाजात म्हणाली. "पण काळजी नको. शून्य दर फेरीला येतं. पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. कोणी सरांना घाई करू नका, ते गोंधळतात."

"ऐकलंत ना?" राजाध्यक्ष घैसासांना म्हणाले, एखाद्या बहिऱ्याशी बोलावं तसे. "पुढची फेरी. सावकाश. मी सांगतो तेव्हा."

घैसासांनी मान डोलावली. खोली सैल पडली. राजाध्यक्ष मागे टेकले आणि त्यांनी वाद्यवृंदाला गीत पुन्हा पहिल्यापासून घ्यायची खूण केली. पेढ्यांचं तबक परत निघालं. चाळीस.

"थोरली," ध्वनिवर्धकातून यमुना म्हणाली, "दोर अजून ताणात आहे. काय झालं?" आणि मग थोडं थांबून, कामाचा आवाज सोडून, "सर?"

घैसासांनी उत्तर दिलं नाही. त्यांची नजर काट्यावर होती. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. पलीकडेही अशीच तबकडी होती. ती पुन्हा काही बोलली नाही. वर्गातही ती अशीच गप्प होई, फळ्यावरची पुढची ओळ तिला आधीच दिसली की.

काटा पंचावन्नावर आला आणि घैसासांनी दांडा ओढला.

आवाज फारसा झाला नाही. एक जड, गोल ठोका, सगळ्यांच्या पायांतून वर गेलेला. मग पाय हलके झाले. काचेपलीकडे दोराचा डोळा अडसरातून निसटला आणि दोर, इतकी वर्षं काठीसारखा ताठ उभा असलेला दोर, प्रथमच दोरासारखा वळला.

कोणाला काही कळायला दोन-तीन सेकंद लागले. लोक टाळ्या वाजवत होते. तबकातले पेढे हळूहळू वर उठले आणि पाहुण्यांच्या तोंडांसमोरून तरंगत गेले. भाईंनी पट्टा बांधला नव्हता. ते खुर्चीवरून सुटून छताकडे निघाले होते आणि त्यांना उलटी येत होती. लोक त्यांच्याखालून बाजूला व्हायची धडपड करत होते.

"पोतनीस!" राजाध्यक्षांचा आवाज फाटला. "काटा कुठे होता? कुठे होता काटा?"

"पंचावन्नावर, साहेब."

"म्हणजे आपण..."

"उलट निघालो. सेकंदाला सत्तावन्न. आज इंधन जाळायला लागलो तर थांबू. परत फिरू." ती तबकडीकडे बघत होती. "मग हिमखड्यापाशी. धाकटीची परवानगी मिळाली तर. उपलब्धतेनुसार."

राजाध्यक्ष घैसासांकडे वळले. "तुम्ही," ते म्हणाले. "तुम्ही!"

"हो," घैसास म्हणाले. हा शब्द उच्चारायला त्यांना तीन दिवस लागले नाहीत.

आपल्याला अटक होईल, खटला चालेल, आणि तिथे उलटतपासणीत आपण नक्की चाचरू, हे त्यांना दिसत होतं. बारा हजार माणसांना आपण कोणालाही न विचारता उलट दिशेला धाडलं, हेही खरं होतं, आणि त्याचं समर्थन त्यांच्याजवळ एका बेरजेपलीकडे नव्हतं. बेरीज त्यांनी तीनदा केली होती. मळमळ अजून गेली नव्हती. ती जाणार नव्हती बहुधा.

ते काचेपाशी सरकले. खूप लांब धाकटीचे दिवे होते, आधीच लहान झालेले. दोर तिच्यामागे सळसळत जात होता, आणि दोरावर एक लाल ठिपका घसरत निघाला होता. सोनेरी कडांच्या पन्नास-साठ पाकिटांमध्ये एक साधं पाकीट.

त्यात लिहिलं होतं :

"प्रिय यमुना, तुझं गणित बरोबर आहे. ही ओळ अकरा महिन्यांपूर्वी यायला हवी होती; ती आली नाही याला माझ्या भित्रेपणाखेरीज कारण नाही. उत्तर पंचावन्न. हे वाचशील तेव्हा ते तुला माहीत झालेलं असेल. थांबायचं इंधन वाटेत खर्चू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि एक राहिलं. दोर सुटला तरी वस्ती स्वतःभोवती जुन्याच चालीने फिरत राहते, एकशेदहा सेकंदांत एकदा. ते कोणी दुसरं थांबवून देत नाही, तुमचं तुम्हालाच थांबवावं लागेल. आम्ही मागाहून पाणी मागायला येऊ, तेव्हा आधी करार नीट वाच. तुझा, त्र्यंबक घैसास."

ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते काचेला हात टेकून उभे होते. मागे कोणीतरी पहारेकऱ्यांना हाका मारत होतं.